माझा अनुभव: ‘गीतकार’ या रकान्यात गेलेले पाच महिने

आमच्या संस्थेने गुहागर तालुक्यात सामुदायिक रेडिओ काढायचं ठरवलं आणि गाण्यांचा आराखडा माझ्याकडे आला. आकाशवाणी रत्नागिरी ऐकत वाढलेली मी, कुठल्या वेळेला काय वाजावं हे मनात कधीचंच ठरलेलं होतं. पहाटे होड्या सुटताना भूपाळ्या, दुपारी बायकांची गाणी, तिन्हीसांजेला आरती-भजन, रात्री नमन आणि जाखडी, या आमच्या कोकणातल्या लोककला. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, म्हणून त्या 61 दिवसांत पहाट भातलावणीच्या गाण्यांची. दोन रविवारांत काम आटपलं.

अडलं ते गाण्यांच्या हक्कांपाशी. मुंबईतल्या एका कार्यालयाकडे परवान्यासाठी सगळ्या गाण्यांची यादी द्यायची होती. रकाने असे: गाण्याचं नाव, गीतकार, संगीतकार, ध्वनिमुद्रण काढणारी कंपनी. सिनेमाची आणि भावगीतं भराभर भरली. पण यादीतली निम्म्याहून जास्त गाणी आम्ही गावोगाव फिरून स्वतः मुद्रित केलेली. गौरीची, फुगडीची, जात्यावरची. गीतकार कोण लिहिणार? शेजारच्या काकीला विचारलं तर म्हणाली, “अगो बाय, ह्याला लिवणारा कसला? आमची आय म्हणायची, तिची आय म्हणायची.”

मी ‘पारंपरिक’ लिहिलं. अर्ज परत आला, पुरावा जोडा म्हणून. ‘अज्ञात’ लिहिलं, तर माहिती अपूर्ण म्हणून पुन्हा परत. तिसऱ्यांदा रकाना मोकळा सोडला, तेव्हा अर्ज पुढेच सरकेना. फोन केला की दुसऱ्या विभागाचा नंबर, तिथे केला की पुन्हा पहिला. एकाने तर सुचवलं, एखाद्या गायिकेचंच नाव गीतकार म्हणून टाका. ते मी केलं नाही. चार वाड्यांतल्या बायका एकच गाणं म्हणतात, त्यातल्या एकीच्या नावावर ते कसं करू? संस्थेतले लोक म्हणायला लागले, लोकगीतं काढून टाक, मोकळी हो. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. लोकगीतं काढली तर आमचं केंद्र आणि मुंबईचं कुठलंही केंद्र यात फरक काय उरला?

पाचव्या महिन्यात फोनवर एक बाई भेटल्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “तुम्ही स्वतः मुद्रित केलेली पारंपरिक गाणी आमच्या यादीत येतच नाहीत. ती इथे भरायचीच नव्हती.” एवढं एक वाक्य पहिल्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर! मला आनंदही झाला आणि रागही आला, आणि राग अजून गेलेला नाही.

तेव्हा पहिल्या दिवसापासून दोन याद्या करा: विकत मिळणारी गाणी एकीत, स्वतः मुद्रित केलेली दुसरीत. दुसऱ्या यादीसाठी गाणाऱ्यांची लेखी संमती घ्याच. गाणं पारंपरिक असलं तरी गाणाऱ्याचा आपल्या सादरीकरणावर कायद्याने 50 वर्षं हक्क असतो. काकीने वाचून घेऊन अंगठा दिला आणि मग विचारलं, “किती वाजता लावशील?”

जुन्या ध्वनिमुद्रणांबाबत एक सांगते. ती प्रकाशनानंतर 60 वर्षांनी मोकळी होतात, पण फक्त ध्वनिमुद्रण. शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा, तो त्या-त्या गीतकार-संगीतकाराच्या निधनानंतर 60 वर्षं चालतो. त्यामुळे नुसतं मुद्रणाचं साल बघून गाणं फुकट धरू नका.

तासाची आखणी मी स्टीलची ताटली कागदावर उपडी ठेवून, घड्याळासारखा गोल काढून, कुठल्या मिनिटाला काय ते वाटून केली. भावगीतं त्यात नेमकी बसली. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावायची, त्यामुळे जुनी भावगीतं तेवढीच असतात. जाखडी मात्र बसेना. तिच्यात शक्तिवाले आणि तुरेवाले असे दोन पक्ष गाण्यातून सवाल-जवाब करतात, आणि शक्तिवाल्यांनी सवाल टाकला की तुरेवाल्यांचं उत्तर येईपर्यंत वीस मिनिटं सहज जातात. सवालावर कापून बघितलं, तर ऐकायला बसवलेली पोरं चिडली. शेवटी रात्री नऊचा अख्खा तास जाखडीला दिला, मध्ये एकही जाहिरात नाही.

हे आधी सांगायला हवं होतं: गाणी पावसाआधी मुद्रित करून घ्या. आमच्याकडे कौलांवर पाऊस लागला की माइकला दुसरं काही ऐकू येत नाही. गौरीची गाणी आम्ही मे महिन्यात म्हणवून घेतली. बायका आधी लाजल्या, पण एकीने फेर धरला आणि मग दुपारचे तीन कधी वाजले कळलं नाही.