पावसाळ्यात स्नूकरच्या क्यूची टिप का पसरते?

कोल्हापुरात पाऊस लागला की हवेतली ओल क्यूच्या, म्हणजे खेळायच्या काठीच्या, टोकावरच्या चामडी टिपमध्ये मुरते. मऊ पडलेली टिप फटक्यांनी पितळी फेरूलबाहेर (टिपखालच्या कड्याबाहेर) पसरते. त्या कडेला खालून आधार नसतो, म्हणून साइड देताना (बॉलला बाजूला मारून फिरकी देताना) मिसक्यू होतो, म्हणजे टिप बॉलवरून घसरते.

क्यू उलटा धरून टिप लाकडी फळीवर टेकवा, बाहेर आलेली कड धारदार ब्लेडने वरून खाली कापा. मग बारीक पॉलिश पेपरने माथा गोलसर करा. कड किंचित ओली करून चामड्याच्या तुकड्याने घासली की ती घट्ट बसते. फेरूलला पॉलिश पेपर मात्र अजिबात लावू नका, ते झिजून बारीक होतं.

नवी टिप घेताना ९.५ मिलिमीटरच्या फेरूलला १० मिलिमीटरची घ्या, म्हणजे छाटायला जागा उरते. चिकटवण्याआधी जुना गोंद पूर्ण खरवडा; फट राहिली तर फटका बोदा लागतो. मऊ टिप स्क्रूला (बॉल मागे खेचायच्या फटक्याला) छान, पण आपल्याकडच्या हवेत मध्यम-कडकच बरी.