ओंदु स्ट्राँग, सक्करे कम्मि: बेंगळुरूतली कॉफी, पेठेनुसार

बेंगळुरूत कॉफीसाठी फिरायचं तर सकाळी सातच्या आत बाहेर पडावं. हौस म्हणून नाही, डिकॉक्शनसाठी. पहाटे पहिली पूड पडते, तिच्यावर उकळतं पाणी जातं आणि जे पहिलं उतरतं ते सगळ्यात दाट. अकरा वाजता त्याच दुकानात तीच चव मिळेलच असं नाही. तोवर त्याच चोथ्यावर दुसरं पाणी पडलेलं असू शकतं, नाहीतर सकाळचंच डिकॉक्शन गरम राहावं म्हणून तासन्‌तास आचेजवळ बसलेलं असतं. पहिल्या प्रकारात कॉफी पाणचट लागते, दुसऱ्यात कडू आणि करपट. दुपारी चारनंतर गर्दी वाढली की पुन्हा ताजी पूड पडते. मधल्या वेळात मी लिंबू सरबत घेतो.

आधी मागवायची रीत. इथे गल्लोगल्ली दर्शिनी आहेत, म्हणजे उभ्याने खायची, झटपट उपाहारगृहं. १९८०च्या दशकात ही पद्धत जयनगर भागातून पसरली. गल्ल्यावर पैसे द्यायचे, टोकन घ्यायचं, ते कॉफीच्या खिडकीवर ठेवायचं. खिडकीतल्या माणसासमोर पेल्यांची रांग असते आणि बऱ्याच ठिकाणी त्यांत साखर आधीच पडलेली असते. त्यामुळे ‘साखर कमी’ हे पेला हातात आल्यावर सांगून काही होत नाही, टोकन ठेवतानाच सांगावं लागतं: ‘ओंदु स्ट्राँग कॉफी, सक्करे कम्मि.’ अजिबात नको असेल तर ‘सक्करे बेड’. सांगायचं राहिलंच तर एक युक्ती आहे. पेला ढवळू नका, साखर तळाशी राहते. शेवटचे दोन घोट सोडून द्या.

‘स्ट्राँग’ म्हणजे डिकॉक्शन जास्त, ‘लाइट’ म्हणजे दूध जास्त. पेल्याचं माप त्यामुळे बदलत नाही, आतलं प्रमाण बदलतं. साधारण शंभर मिलिलिटरच्या पेल्यात पंचवीस मिलिलिटर डिकॉक्शन असतं. स्ट्राँगमध्ये ते पस्तीस-चाळीसपर्यंत जातं. पहिल्यांदा जाणाऱ्याने नेहमीचीच मागवावी आणि दुकान कसं आहे ते बघावं. डिकॉक्शनच कच्चं असेल तर स्ट्राँग मागवून फक्त रंग गडद होतो. आणि ‘बाय-टू’: एक कॉफी दोन पेल्यांत. आपल्या कटिंगचीच ही बहीण, फक्त कटिंग एकट्याने पिता येतो, बाय-टूला जोडीदार लागतो. एका सकाळी चार ठिकाणं करायची असतील तर बाय-टूशिवाय पर्याय नाही, नाहीतर तिसऱ्या दुकानापासून छाती धडधडायला लागते.

कॉफीवाल्याचा हात बघण्यासारखा असतो. डाव्या हाताने ओळीने पेल्यांत डिकॉक्शन पडतं, बोटभरही नाही. पाठोपाठ उजव्या हातातल्या मगातून दूध, तेही वरून, हातभर उंचीवरून धार धरून. फेस येतो तो या धारेमुळे. पेला काठाशी दोन बोटांनी धरावा, खाली हात लावला की चटका बसलाच.

बसवनगुडीपासून सुरुवात सोयीची. हिरव्या मेट्रोच्या नॅशनल कॉलेज स्थानकावर उतरायचं. शंकरपुरम भागात ब्राह्मिन्स कॉफी बार आहे, १९६५पासूनचं. इथे इडली, वडा, खारा भात आणि केसरी भात मिळतो, शिवाय चहा-कॉफी. ‘भात’ या शब्दाला फसू नका, खारा भात म्हणजे आपला तिखटामिठाचा उपमा आणि केसरी भात म्हणजे शिरा. सांबार मिळत नाही. विचारूही नका, पाटी आहे. चटणी मात्र मागाल तेवढी. बसायला आत जागा नाही, लोक फुटपाथवर, कठड्यावर टेकून खातात. इथे कॉफी शेवटी घ्यावी आणि खाऊन झाल्यावर एक मिनिट थांबावं. चटणीतली मिरची जिभेवर असताना कॉफीतला कडवटपणा कळतच नाही, नुसता गोडवा लागतो. माझी ऑर्डर: एक इडली-वडा, मग स्ट्राँग.

तिथून गांधी बाजारातलं विद्यार्थी भवन पायी वीसेक मिनिटं. १९४३ साली आसपासच्या शाळा-कॉलेजांच्या मुलांसाठी निघालं, नाव त्यावरूनच. शुक्रवारी बंद, हे लक्षात ठेवा. बाहेरगावचे लोक बंद दारासमोर उभे राहून फोटो काढताना दिसतात. डोसा जाड, बाहेरून खरपूस आणि आत लोण्याने मऊ. वाढपी डझनभर ताटल्या एका हातावर चळत लावून आणतात. कॉफी डोशाबरोबर सांगू नका. एकदम सांगितली तर दोन्ही एकदम येतात आणि डोसा संपेपर्यंत कॉफीवर साय धरते. डोसा निम्मा झाला की सांगावी. शनिवार-रविवारी बाहेर यादीत नाव लिहून थांबावं लागतं, म्हणून मी इथे मधल्या वारी येतो.

लालबागजवळचं एमटीआर १९२४चं. सोमवारी बंद. रवा इडली यांचीच. दुसऱ्या महायुद्धात तांदूळ मिळेना म्हणून रव्यावर भागवलं आणि त्यातून हा पदार्थ रुजला. ती तुपाच्या वाटीसह घ्यावी. कॉफी दाट आणि चिकोरीचा, म्हणजे पुडीत मिसळतात त्या भाजलेल्या मुळाचा, हात मोकळा असलेली, बेंगळुरूच्या जुन्या वळणाची. ज्यांना चिकोरी आवडत नाही त्यांना ही जड वाटेल. पण इतक्या तुपावर हलकी कॉफी मिळमिळीत लागते, तेव्हा हा मेळ मला पटतो.

उत्तरेकडे मल्लेश्वरममध्ये सीटीआर, म्हणजे श्री सागर, बेण्णे डोशासाठी. बेण्णे म्हणजे लोणी. मार्गोसा रोडवरच पुढे वीणा स्टोअर्स, तिथे उभ्याने इडली. सीटीआरमध्ये अनोळखी माणसांबरोबर एका टेबलावर बसावं लागतं आणि मागे वाट बघणारे उभे असतात. अशात कॉफी निवांत होत नाही. म्हणून डोसा सीटीआरला आणि कॉफी वीणाला. ही फोड मी कुणालाही सांगतो.

चर्च स्ट्रीटवरचं इंडिया कॉफी हाउस वेगळ्या जातीचं. कॉफी बोर्डाने आपली कॉफी हाउस बंद करायला घेतली तेव्हा कामगारांनी सहकारी संस्था काढल्या. पहिली १९५७ साली बेंगळुरूतच. हे दुकान आधी महात्मा गांधी रस्त्यावर होतं, २००९मध्ये इथे आलं. पांढरा पोशाख आणि तुऱ्याचा फेटा घातलेले वाढपी आहेत. इथे पंचवीस मिलिलिटरचा हिशेब विसरा. कॉफी कपात येते, पातळ असते आणि फेसासाठी इथे कुणी येत नाही. कटलेट आणि हॉट कॉफी मागवायची आणि तासभर बसायचं. कॉफीला दहापैकी सहा, बसायला नऊ.

नव्या धाटणीची दुकानं इंदिरानगर-कोरमंगला भागात पसरली आहेत. तिथे दूध घालून पिण्यात पैसे वाया जातात. चिक्कमगळुरू, कोडगू किंवा अराकूची धुतलेली अरेबिका (कॉफीची एक जात), चिकोरीशिवाय, हलकी भाजलेली: ती कागदी गाळणीतून काळीच घ्यावी. पंधरा-सोळा ग्रॅम पुडीला अडीचशे मिलिलिटरच्या आसपास पाणी घालतात. पहिला घोट आंबट लागला तर बिघडलंय असं समजू नका, हलक्या भाजणीत आंबटपणा राहतोच. पाच मिनिटं निवू द्या, मग फळाची चव वर येते.

आता पूड, कारण दुकानातली चव घरी आणायची तर खरं काम इथेच होतं. जुन्या पेठांत कॉफीवाले समोर दळून देतात. तिथे नुसतं ‘चांगली द्या’ म्हटलं तर तयार मिश्रण हातात पडतं. सांगायच्या गोष्टी चार: बी, चिकोरीचं प्रमाण, दळण आणि वजन. ‘प्लँटेशन ए’ म्हणजे धुऊन वाळवलेली मोठ्या दाण्याची अरेबिका, सुगंध तिचा. ‘पीबी’ म्हणजे पीबेरी. कॉफीच्या फळात एरवी दोन चपट्या बिया असतात, काही फळांत एकच गोल बी भरते, ती ही. गोल असल्यामुळे भाजताना सगळीकडून सारखी भाजली जाते असं कॉफीवाले सांगतात. ‘रोबस्टा चेरी’ म्हणजे रोबस्टा ही दुसरी जात, फळासकट वाळवलेली. तिच्यात कॅफिन अरेबिकाच्या जवळपास दुप्पट, कडवटपणा आणि दाटपणाही जास्त, फेस चांगला येतो. चिकोरी हे भाजलेलं मूळ आहे, त्यात कॅफिन नाही. रंग गडद आणि डिकॉक्शन दाट होतं ते तिच्यामुळे, आणि दूध घातल्यावरही चव टिकते. कायद्याने मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते आणि पाकिटावर प्रमाण छापावं लागतं. ते वाचा. ५३:४७ची पाकिटं स्वस्त असतात, पण त्यात निम्मं मूळच पिता.

माझी मागणी अशी: ‘पाव किलो, पीबी आणि प्लँटेशन ए निम्मंनिम्मं, चिकोरी वीस टक्के, फिल्टरचं दळण.’ म्हणजे दोनशे ग्रॅम कॉफी आणि पन्नास ग्रॅम चिकोरी. पाव किलोच्या वर घेऊ नये. दळल्यावर पंधरा दिवसांत वास उतरतो. चिकोरी हवेतली ओल खेचते, मुंबईच्या जुलैत तर आठवड्यात गोळे होतात. पूड फ्रीजमध्ये ठेवू नका, डबा उघडताच गार पुडीवर दव धरतं. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, ओट्यापासून दूर, एवढं पुरे.

घरी चार पेल्यांसाठी तीस ग्रॅम पूड, म्हणजे शिगेचे चार मोठे चमचे. फिल्टर म्हणजे एकावर एक बसणारी दोन भांडी, वरच्याच्या तळाला भोकं. पूड वरच्या भांड्यात घालून हलकेच थापटा, वर दांड्याची चकती ठेवा, दाबू मात्र नका. उकळलेलं पाणी अर्धं मिनिट खाली ठेवून आधी तीसेक मिलिलिटर घाला, पूड फुगू द्या, मग उरलेलं, एकूण दीडशे. पन्नासेक मिलिलिटर चोथ्यातच राहतं आणि शंभर खाली झिरपतं. पंधरा ते वीस मिनिटं लागतात. पाचच मिनिटांत सगळं उतरलं तर दळण जाड आहे किंवा पूड थापटलीच नाही. ते डिकॉक्शन कितीही घातलं तरी फिकंच. अर्ध्या तासात थेंबही पडला नाही तर बहुधा दोन भांडी इतकी घट्ट बसली आहेत की खालची हवा बाहेर पडत नाही. फडक्याने धरून वरचं भांडं किंचित उचला, लगेच धार लागते. तरीही नाही लागली तर दळण फार बारीक, पुढच्या वेळी दुकानदाराला सांगा.

डिकॉक्शन थेट आचेवर ठेवू नका, उकळलं की करपट लागतं. गरम पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवून कोमट करा. दूध मात्र नुकतंच वर आलेलं हवं, कारण पेल्यातली सगळी उष्णता त्याचीच. आणि इथेच महाराष्ट्रातल्या घरांत गणित चुकतं. बेंगळुरूत साधारण तीन टक्के स्निग्धांशाचं पिशवीचं दूध चालतं, आपल्याकडे म्हशीचं सहा-सात टक्क्यांचं. तेवढ्या सायीखाली डिकॉक्शन दबून जातं आणि लोक पुडीला नावं ठेवतात. गायीचं दूध घ्या. म्हशीचंच असेल तर चार भागांत एक भाग पाणी घालून उकळा आणि डिकॉक्शन पंचवीसऐवजी तीस मिलिलिटर घ्या. पेल्यात आधी साखर, मग डिकॉक्शन, मग दूध. दोनदा वर-खाली ओता. पाचदा ओतलं तर फेस येतो खरा, पण कॉफी गार होते.

बेंगळुरू लांब पडत असेल तर माटुंगा आहेच. कॅफे मद्रास (सोमवारी बंद) किंवा स्टेशनजवळचं राम आश्रय इथे प्यायची आणि तिथल्याच कॉफीवाल्याकडून वरच्या मापाने पूड दळून घ्यायची.

फिल्टर आणल्यावर वरच्या भांड्याचा तळ उजेडासमोर धरून बघा. दर महिन्याला पुन्हा बघा. भोकं अर्धी काळी दिसली तर साबणाने ती सुटत नाहीत, कॉफीतलं तेल आणि बारीक पूड त्यांत चिकटून बसलेली असते. चिमट्यात धरून तळ गॅसच्या मंद ज्योतीवर मिनिटभर फिरवा, धूर यायचा थांबला की बाजूला ठेवा. पूर्ण गार झाल्यावरच ओट्यावर उलटं आपटा आणि पाण्याखाली घासा. तापलेल्या तळावर गार पाणी पडलं तर पत्रा वाकतो, मग ते भांडं खालच्यावर सरळ बसत नाही.