तुम्ही विचारलेत म्हणून: फिरायला जाण्यासाठीही मदत?

“फिरायला जाण्यासाठीही मदत मागता?” हा प्रश्न मला गेली काही वर्षे सतत विचारला जातो. कोणी खरोखर स्वतःच्या मुलासाठी माहिती हवी म्हणून विचारते, तर कोणी विचारताना माझ्या अंगावरची साडी न्याहाळून घेते. मी प्रत्येकाला वेगवेगळे, निसटते उत्तर देत आले आहे. आज एकदाच नीट लिहिते.

होय, मागते, मुलाला समुद्रावर नेण्यासाठी पैशांची मदत. माझा मुलगा २६ वर्षांचा आहे. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे शरीराच्या हालचालींवर ताबा नाही, आणि तो चाकाच्या खुर्चीत असतो. त्याचे वजन ५८ किलो आहे आणि रत्नागिरीजवळच्या आमच्या गावापासून भाट्याचा समुद्र १४ किलोमीटरवर आहे.

यावर लगेच सांगितले जाते की तिकिटात सवलत असते. असते, आणि ती मोठी आहे. एसटीत त्याला ७५ टक्के सवलत मिळते. रेल्वेच्या स्लीपर डब्यात त्याला आणि सोबत जाणाऱ्या एका माणसाला तेवढीच मिळते. एसटीत माझेही तिकीट अर्धेच असते, पण मार्च २०२३ पासून ते सगळ्याच महिलांचे अर्धे आहे. अडचण अशी की आमचा खर्च तिकिटाचा नाहीच. एसटीच्या पायऱ्या चढवून त्याला आत नेणे मला शक्य नाही, त्याच्या वडिलांचे मणक्याचे दुखणे जुने आहे, आणि एसटी जिथे सोडते तिथून पाण्यापर्यंतची वाट सवलतीत बसत नाही. त्यासाठी दिवसभर थांबणारी ईको गाडी लागते आणि उचलायला दोन तगडी माणसे लागतात. त्या माणसांचा एका दिवसाचा रोजगार बुडतो, तो त्यांना देणे हे माझे कर्तव्य आहे, ते शेजारी असले तरीही. शिवाय २६ वर्षांच्या मुलाचे कपडे बदलायला एक आई त्याला कोणत्या स्वच्छतागृहात नेणार, या प्रश्नाला आमच्याकडे आजही गाडीचे मागचे दार आणि एक चादर एवढेच उत्तर आहे.

संजय गांधी निराधार योजनेचे नावही सुचवले जाते. तिथे दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये आहे. आमचे छोटे दुकान आहे, त्यामुळे आम्ही त्यात बसत नाही. राहतो तो ग्रामपंचायतीचा दिव्यांग निधी. प्रत्येक ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांवर खर्च करायची असते. मी मागते ती मदत ही. आता ज्या गोष्टीमुळे मी आजवर हे उत्तर टाळत आले, ती सांगते.

२०१९ मधल्या एका ग्रामसभेत मी अर्ज घेऊन गेले. घरी कोणी नसल्यामुळे मुलाला सोबत न्यावे लागले. अर्जात लिहिले होते, ‘मुलास समुद्रावर फिरावयास नेण्यासाठी, रुपये ३,०००’. तेव्हा तो २० वर्षांचा होता आणि त्याने समुद्र शेवटचा पाहिला तो मी त्याला कडेवर घेऊ शकत होते तेव्हा. त्याला बोलता येत नाही, पण ऐकलेले सगळे समजते. ‘समुद्र’ हा शब्द कानावर पडला की तो घशातून एक लांब आवाज काढतो. अर्ज वाचून दाखवला गेला तेव्हाही त्याने तो काढला आणि काही जण हसले, अर्थात वाईट हेतूने नव्हे. मग मागून एक गृहस्थ म्हणाले, “समुद्र काय पळून जातोय? औषधाला मागा वहिनी, कोण नाही म्हणतंय?” सभेतल्या बऱ्याच माना डोलल्या.

मला त्यांचा राग आला नाही. राग आला असता तर बरे झाले असते. मला लाज वाटली. टेबलामागून एका कर्मचाऱ्याने अगदी आपुलकीने हळूच सांगितले की कारण बदलून ‘तपासणीसाठी प्रवास’ असे लिहा, आत्ता मंजूर होईल. मी त्यांच्याकडूनच पेन घेतले, आधीची ओळ खोडली आणि नवी लिहिली. सभेत ती पुन्हा मोठ्याने वाचली गेली. ‘तपासणी’ हा शब्दही त्याला कळतो. त्याचा अर्थ सुई. त्याचे दोन्ही पाय ताठ झाले, खुर्चीच्या पावदानावरून निसटले, आणि घरी पोहोचेपर्यंत ते सैल झाले नाहीत.

पैसे मिळाले. मी पंचांगात तिथी आणि ओहोटीची वेळ पाहिली, कारण खुर्चीचे चाक कोरड्या वाळूत रुतते, पण ओहोटीनंतरची ओली, घट्ट वाळू ते पेलते. त्या दिवशी गाडीत मी त्याला दहा वेळा सांगितले की आपण समुद्रावर चाललो आहोत. त्याने विश्वास ठेवला नाही. ठेवावा तरी कसा? भाट्याच्या पुलावर गाडी आली, उजवीकडे पाणी दिसले, तेव्हा कुठे त्याने तो आवाज काढला. सुरूच्या बनापासून दोघांनी त्याला खुर्चीसकट उचलून ओल्या वाळूवर ठेवले. मी त्याचे मोजे काढले. त्याच्या टाचा तान्ह्या मुलासारख्या मऊ आहेत, कारण त्या कधी जमिनीला घासल्याच नाहीत. पहिली लाट टाचेखालची वाळू ओढून घेऊन गेली तेव्हा त्याने बोटे आवळली आणि माझ्याकडे पाहिले.

त्या वेळच्या मला विचारले तर ती म्हणेल की कोणाचे काय नुकसान झाले? पैसे दिव्यांगांचेच होते आणि दिव्यांगावरच खर्च झाले. तिचे म्हणणे मी खोडून काढू शकत नाही. पण ग्रामपंचायतीच्या दप्तरात आमची ती सहल झालेलीच नाही, एक तपासणी झाली आहे. उद्या दुसरी आई खरे कारण लिहून गेली, तर तिला सांगितले जाईल की यासाठी आजवर कोणी पैसे मागितले नाहीत. आणि ते कागदोपत्री खरे असेल.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील कलम २९ मला फार उशिरा वाचायला मिळाले. सांस्कृतिक जीवनात आणि मनोरंजनात दिव्यांगांना इतरांच्या बरोबरीने भाग घेता यावा यासाठी उपाय योजणे हे सरकारचे आणि स्थानिक प्राधिकरणांचे काम आहे, असे ते सांगते. पंचायत हे स्थानिक प्राधिकरणच आहे. त्यानंतर मी दोनदा कलमाचा उल्लेख करून खरे कारण लिहिले. एकदा अर्ज नामंजूर झाला. दुसऱ्यांदा निम्मी रक्कम मिळाली आणि उरलेल्या पैशांसाठी मी बचत गटाचे कर्ज काढले. तिथे मी कारण ‘घरखर्च’ असे लिहिले. म्हणजे मी अजूनही पुरती सुधारलेली नाही.

या वर्षी खुर्चीचे पुढचे चाक मोडले आहे. चाकासाठी मागितले तर नक्की मिळेल, समुद्रासाठी मागितले तर सांगता येत नाही, आणि दोन्ही एकाच अर्जात लिहिले तर आधी कोणते खोडले जाईल हे मला ठाऊक आहे. कोरा अर्ज आणून चार दिवस झाले. नाव, वय आणि दिव्यांगत्वाची टक्केवारी भरली आहे. कारणाची ओळ अजून भरलेली नाही.