तुम्ही विचारलंत म्हणून: नॅस्कार बघणं का सुटलं

"एवढं वेड होतं तुम्हाला, मग आता रेस का बघत नाही?" इथे अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लटला नव्याने राहायला आलेली मराठी मुलं विचारतात, मंडळातले जुने मित्र विचारतात, भारतातून आलेले पाहुणेही विचारतात. विचारणं साहजिक आहे. नॅस्कार म्हणजे अमेरिकेतल्या स्टॉक कार गाड्यांच्या शर्यती; त्यांच्या बहुतेक टीमची गॅरेजेस आमच्या भागातच, तासाभराच्या अंतरावर आहेत, आणि जुन्या रेसच्या तिकिटांची फाईल मी अजून टाकलेली नाही. उभ्या उभ्या दोन वाक्यांत हे उत्तर संपत नाही, म्हणून लिहायला बसलो.

हा खेळ ठाऊक नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. स्टॉक कार म्हणजे मुळात शोरूममधून घेतलेली साधी गाडी. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या डोंगराळ भागात चोरटी दारू वाहणारी पोरं पोलिसांना चुकवण्यासाठी इंजिनं तयार करायची आणि सुट्टीच्या दिवशी तशाच गाड्या मातीच्या ट्रॅकवर पळवायची. १९४८ साली बिल फ्रान्सने या सगळ्याला संस्थेचं रूप दिलं, तेच नॅस्कार. पुढे गाड्या निव्वळ रेससाठीच बांधल्या जाऊ लागल्या, पण बघणारा माणूस तोच राहिला: गिरणीत, गॅरेजमध्ये, शेतावर राबणारा. सात वेळा चॅम्पियन झालेला डेल अर्नहार्ट इथून जवळच्या कनापोलिस या गिरणगावातलाच.

प्रेक्षक घटले हे आकड्यांतही दिसतं. २००६ची डेटोना ५०० ही वर्षातली सर्वांत मोठी रेस टीव्हीवर सरासरी १ कोटी ९० लाखांहून जास्त लोकांनी पाहिली होती. २०२५ मध्ये तो आकडा ६८ लाखांच्या आसपास होता. टेनेसीतल्या ब्रिस्टलच्या ट्रॅकवर सलग ५५ रेस हाऊसफुल गेल्या, आणि मार्च २०१० मध्ये ती साखळी तुटली. टीव्ही सगळीकडेच कमी पाहिला जातो हे मान्य, पण अमेरिकन फुटबॉलची अशी दशा झाली नाही.

इथे एक गोष्ट आधीच बाजूला ठेवतो. बरेच जण म्हणतात की २०२० मध्ये नॅस्कारने ट्रॅकवर कॉन्फेडरेट झेंड्यावर (यादवी युद्धात गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणेच्या झेंड्यावर) बंदी घातली, म्हणून जुनी माणसं रागावून गेली. काही गेलीही असतील. पण उतार त्याच्या दहा-बारा वर्षं आधीच लागला होता. आणि माझ्यापुरतं विचाराल तर तो झेंडा गेला याचा मला मनापासून आनंद झाला. स्टँडमध्ये सावळ्या चेहऱ्याचा मी बहुतेक वेळा एकटाच असायचो. शेजारची माणसं प्रेमळ होती, आपल्या डब्यातलं तळलेलं चिकन आग्रहाने पुढे करायची, पण पार्किंगमधल्या ट्रकवर फडकणारा तो झेंडा बघून पोटात गोळा यायचाच.

मग लोक गेले कशामुळे? माझं मत असं आहे की ज्याला हा खेळ जितका जास्त कळत होता, त्याचं तितकं जास्त नुकसान झालं. जुन्या प्रेक्षकाजवळ वर्षानुवर्षं साठवलेली एक पुंजी होती: कुठला ट्रॅक टायर खातो, कोण शेवटच्या शंभर लॅपमध्ये (लॅप म्हणजे ट्रॅकची एक फेरी) वर येतो, कुणाची कुणाशी कधीची खुन्नस आहे, पॉइंट्सचं गणित कसं चाललंय. नॅस्कारने एकेक बदल करत ही पुंजी बिनकामाची करून टाकली. नवा प्रेक्षक मिळवण्यासाठी खेळ सोपा केला, आणि ज्याला तो अवघड असण्यातच गोडी होती त्याला बघण्यासारखं काही उरलं नाही.

माझ्यासाठी या खेळाचं शिखर म्हणजे नोव्हेंबर १९९२ची अटलांटाची रेस. मी तेव्हा नॉर्थ कॅरोलिनातल्याच रॅले शहरात इंजिनिअरिंगचं पुढचं शिक्षण घेत होतो. सीझनची शेवटची रेस, आणि चॅम्पियनशिपची गणिती शक्यता तब्बल सहा ड्रायव्हर्सना. दिग्गज ड्रायव्हर रिचर्ड पेटीची ती शेवटची रेस, पुढे मोठा चॅम्पियन झालेल्या जेफ गॉर्डनची पहिली. पण माझं लक्ष अ‍ॅलन कुल्विकीकडे होतं. विस्कॉन्सिनचा मेकॅनिकल इंजिनिअर, स्वतःच टीमचा मालक, स्वतःच ड्रायव्हर. ज्युनिअर जॉन्सनसारख्या बड्या मालकाची ऑफर त्याने नाकारली होती. सहा रेस शिल्लक असताना तो आघाडीपासून २७८ पॉइंट्स मागे होता, म्हणजे जवळजवळ संपल्यातच जमा. तिथून तो परत आला.

त्या दिवशी रेस जिंकली बिल एलियटने, कुल्विकी दुसरा. तरी चॅम्पियन कुल्विकी, १० पॉइंट्सनी. कसा? सर्वांत जास्त लॅप आघाडीवर राहणाऱ्याला ५ पॉइंट्स जादा मिळायचे. कुल्विकी १०३ लॅप आघाडीवर होता, एलियट १०२. ते ५ पॉइंट्स उलट बाजूला गेले असते तर दोघांची बरोबरी झाली असती आणि जास्त रेस जिंकलेला म्हणून एलियट चॅम्पियन ठरला असता. कुल्विकीच्या टीमने हा हिशोब रेस चालू असतानाच मांडला होता आणि तेवढे लॅप पदरात पडल्यावरच त्याला पिटमध्ये, म्हणजे टायर-इंधनासाठी थांबायच्या जागी, बोलावलं. फेब्रुवारीपासूनच्या प्रत्येक रेसमधला प्रत्येक पॉइंट त्या एका लॅपच्या मागे उभा होता. हे नाट्य कुणी बसून लिहिलेलं नव्हतं, वर्षभर साठत आलेलं होतं. पुढच्या एप्रिलमध्ये विमान अपघातात कुल्विकी गेला. आजही मी त्याचं नाव काढलं की इथल्या जुन्या माणसांचे डोळे भरून येतात.

२००३ मध्ये मॅट केन्सेथ फक्त एक रेस जिंकून चॅम्पियन झाला आणि रायन न्यूमन आठ जिंकूनही झाला नाही. शेवट रंगतदार हवा म्हणून २००४ पासून शेवटच्या दहा रेससाठी पॉइंट्स नव्याने लावायला, म्हणजे तोवरचा फरक जवळजवळ पुसायला, सुरुवात झाली. २०१४ पासून तर बाद फेऱ्या आल्या: १६ ड्रायव्हर्स, दर तीन रेसनंतर चार बाद, आणि शेवटच्या रेसला उरलेल्या चौघांत जो पुढे तो चॅम्पियन. म्हणजे वर्षभराचे मार्क पुसून फक्त शेवटच्या पेपरवर निकाल लावायचा. २०२४ मध्ये जोई लोगानो चॅम्पियन झाला, तेव्हा त्याचा वर्षभराचा सरासरी क्रमांक १७च्या पुढे होता. लोगानोची यात काही चूक नाही, नियम होते तसा तो खेळला आणि उत्तम खेळला. २०२५ मध्ये फिनिक्सला झालेल्या सीझनच्या शेवटच्या रेसला डेनी हॅमलिन ३०० हून अधिक लॅपच्या रेसमध्ये २०८ लॅप आघाडीवर होता. कारकिर्दीत ६० विजय, चॅम्पियनशिप एकही नाही, आणि आता फक्त तीन लॅप उरलेले. तेवढ्यात दुसऱ्या एका गाडीचा टायर गेला, पिवळा झेंडा (सगळ्यांनी वेग कमी करायची खूण) आला, सगळ्या गाड्या पुन्हा एकत्र आल्या, आणि चॅम्पियन झाला काईल लार्सन. त्या रेसमध्ये तो एकही लॅप आघाडीवर नव्हता. मी ती रेस पाहिली. लार्सन माझ्या मते या पिढीतला सर्वांत गुणी ड्रायव्हर आहे, तरीही मला टाळी वाजवावीशी वाटली नाही.

माझे एक शेजारी होते, कनापोलिसच्या गिरणीतून निवृत्त झालेले. रेस बघायला मी त्यांच्याकडूनच शिकलो. ट्रॅकवर जाताना कानाला हेडफोन, कमरेला ड्रायव्हर आणि टीमचं बोलणं ऐकवणारा रेडिओ स्कॅनर, हातात स्टॉपवॉच आणि वहीत पेन्सिलीने लिहिलेल्या लॅपच्या वेळा. आघाडीच्या गाडीकडे ते फारसं बघायचेच नाहीत. आठव्या-नवव्या क्रमांकाची एखादी गाडी पकडायचे आणि म्हणायचे, बघ, पहिल्या दहा लॅपमध्ये हा मागे पडतोय, पण पंचविसाव्या लॅपला त्याची वेळ जराशीच वाढलीय, पुढच्यांची मात्र भरपूर. म्हणजे याने टायर जपलेत. चाळीस लॅपनंतर हा वर येणार. आणि तो यायचा! टीव्हीवर न दिसणारी रेस त्या वहीत दिसायची.

२०१७ पासून प्रत्येक रेसचे तुकडे केले गेले. त्यांना स्टेज म्हणतात, आणि स्टेज संपली की ठरवून पिवळा झेंडा दाखवतात. टायर जपणाऱ्याने कमावलेलं अंतर तिथेच पुसलं जातं. टीव्हीवाल्यांना जाहिरातींची सोय झाली, पॉइंट्सची लयलूट झाली, पण शेजाऱ्यांच्या वहीला काही अर्थ उरला नाही. त्यांनी वही न्यायचं सोडलं आणि पुढे ट्रॅकवर जाणंही सोडलं.

जागांचंही तसंच झालं. आमच्याच राज्यातला नॉर्थ विल्क्सबोरोचा ट्रॅक १९४७चा. तिथून सप्टेंबर १९९६ नंतर रेस काढून टेक्सास आणि न्यू हॅम्पशायरला नेल्या. रॉकिंगहॅमला नॅस्कारच्या मुख्य मालिकेची शेवटची रेस २००४ मध्ये झाली. त्याच वर्षी तर कहरच केला: सप्टेंबरच्या सुरुवातीच्या लेबर डेच्या सुट्टीला साउथ कॅरोलिनातल्या डार्लिंग्टनला होणारी सदर्न ५०० ही जुनी रेस उचलून ती तारीख कॅलिफोर्नियाला दिली. खेळ देशभर पसरावा यात वावगं काही नाही. पण नव्या जागी बांधलेले दीड-दोन मैलांचे बरेच ट्रॅक एकमेकांसारखेच, डोळे बांधून नेलं तर कुठे आलोय ते कळू नये असे. डार्लिंग्टनचा ट्रॅक अंड्याच्या आकाराचा आहे, कारण १९५०च्या सुमारास जमीन देणाऱ्याने आपलं मासळीचं तळं बुजवू दिलं नाही. त्यामुळे एका टोकाची वळणं दुसऱ्या टोकाशी जुळत नाहीत. एका टोकाला गाडी नीट बसवली की दुसऱ्या टोकाला ती बिघडते. डांबर खरखरीत, टायर झपाट्याने जातात, आणि पळायची सर्वांत वेगवान जागा भिंतीला अगदी चिकटून. उजव्या बाजूचा रंग घासून आलेल्या गाडीला 'डार्लिंग्टन स्ट्राइप' मिळाली असं म्हणतात. अशी जागा पुन्हा बांधता येत नाही. नॅस्कारला हे उमगायला ११ वर्षं गेली. २०१५ मध्ये सदर्न ५०० आपल्या तारखेला परत आली.

गाडीबद्दल बोलताना मला जपून बोलावं लागतं. २००० साली अ‍ॅडम पेटी, केनी अर्विन आणि टोनी रोपर हे ड्रायव्हर ट्रॅकवरच्या अपघातांत गेले, फेब्रुवारी २००१ मध्ये डेटोनाच्या शेवटच्या लॅपला खुद्द अर्नहार्ट गेला. त्यानंतर मान सांभाळणारं उपकरण सक्तीचं झालं, भिंतींना धक्का शोषणारे अडथळे लागले, गाड्यांची रचना बदलली. तेव्हापासून नॅस्कारच्या तिन्ही राष्ट्रीय मालिकांच्या रेसमध्ये एकही ड्रायव्हर दगावलेला नाही. याबद्दल मी कधीही कुरकुर करणार नाही. माझी तक्रार २०२२च्या नव्या गाडीबद्दल आहे, तीही वेगळ्या कारणासाठी. या गाडीचे बहुतेक भाग ठरलेल्या एकेका पुरवठादाराकडूनच घ्यायचे. आमच्या भागातल्या गॅरेजेसमध्ये पत्रा हाताने घडवणारे, सस्पेन्शनचे भाग स्वतः तयार करणारे कारागीर होते. त्यांच्या डोक्यातल्या युक्त्यांवर रेस जिंकल्या जायच्या. ते काम आता बरंचसं जोडणीचं झालंय. चाकाच्या पाच नटांच्या जागी एक नट आला. पूर्वी नट चाकाला डिंकासारख्या चिकट द्रव्याने आधीच चिकटवलेले असायचे, आणि पिटमधला माणूस गुडघ्यावर बसून पाच काढ, पाच बसव हे डोळ्याचं पातं लवायच्या आत करायचा. ब्रेक मोठे, टायर रुंद, सगळ्यांच्या गाड्या सारख्या, त्यामुळे ब्रिस्टल आणि मार्टिन्सव्हिलसारख्या छोट्या ट्रॅकवर पुढच्याला गाठता येतं पण ओलांडता येत नाही. ज्या ट्रॅकवर सगळ्यात जास्त मजा यायची, तिथेच गाड्या मालगाडीच्या डब्यांसारख्या एकामागोमाग फिरताना दिसतात.

आवडते ड्रायव्हर निवृत्त झाले, हेही कारण सांगितलं जातं. गॉर्डन, स्ट्युअर्ट, डेल ज्युनिअर, जिमी जॉन्सन पाच-सहा वर्षांत गेले. हे प्रत्येक खेळात घडतं. मुळं घट्ट असतील तर माणूस पुढचा आवडता शोधतो.

मला खरं दुखावलं ते २०२५च्या अखेरीस. बास्केटबॉलपटू मायकल जॉर्डन आणि हॅमलिन यांच्या टीमने आणखी एका टीमसोबत नॅस्कारवर मक्तेदारीचा खटला भरला होता. त्यात वरिष्ठांचे खाजगी निरोप उघड झाले. नॅस्कारचे तेव्हाचे कमिशनर स्टीव्ह फेल्प्स यांनी रिचर्ड चिल्ड्रेस यांना, म्हणजे अर्नहार्टच्या त्या काळ्या ३ नंबरच्या गाडीच्या मालकांना, मूर्ख आणि गावंढळ अशा अर्थाचे शब्द वापरले होते. खटला डिसेंबरमध्ये मिटला, फेल्प्स पुढे पायउतार झाले. पण चिल्ड्रेस म्हणजे कष्टातून वर आलेला याच मातीतला माणूस. जो शब्द त्यांना लागू, तो माझ्या शेजाऱ्यांनाही लागू.

काही गोष्टी सुधारताहेत, तेही सांगायला हवं. नॉर्थ विल्क्सबोरोला नॅस्कार २०२३ मध्ये परत आलं, तेही १९८१च्या जुन्या डांबरावर, आणि त्या डांबराने टायर अक्षरशः खाल्ले. २०२६ पासून बाद फेऱ्या काढून टाकल्या आहेत. शेवटच्या दहा रेससाठी पॉइंट्स अजूनही नव्याने लावले जातात, म्हणून मी समाधानी नाही. पूर्ण सीझनचा हिशोब परत आला तर फेब्रुवारीपासून पुन्हा बघायला लागेन, हे माझं साधं उत्तर आहे.

तोवर तुमच्यापैकी कुणाला एकदा तरी बघायचीच असेल, तर सप्टेंबरमधली डार्लिंग्टन निवडा. कान झाकायला चांगले हेडफोन घ्या, लहान मुलांना तर हवेतच. स्कॅनर भाड्याने घ्या. वळणाजवळची उंचावरची सीट काढा आणि पहिले वीस लॅप आघाडीच्या गाडीकडे बघू नका. खर्च जास्त वाटत असेल तर विन्स्टन-सेलमच्या बोमन ग्रे स्टेडियमला उन्हाळ्यातल्या शनिवारी रात्री जा. फुटबॉलच्या मैदानाभोवतीचा पाव मैलाचा ट्रॅक, दिवसा कुठेतरी नोकरी करणारे ड्रायव्हर, आणि तीन पिढ्या एकाच बाकावर बसलेल्या. मी तिथे अजूनही जातो. कुणाला यायचं असेल तर माझ्या गाडीत जागा आहे.