माहितीपट कशाला बघता? तुम्ही विचारलंत म्हणून

‘जुने सिनेमे बघता ते समजू शकतो, पण माहितीपट? त्यात काय बघायचं?’ लग्नाच्या पंगतीत शेजारी कुणी बसलं आणि बोलणं सिनेमावर आलं, की हा प्रश्न ठरलेला. जेवता जेवता याचं उत्तर देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

मला या दोन गोष्टी वेगळ्या वाटतच नाहीत. याला कारण दादासाहेब फाळके.

फाळक्यांचा ‘कालिया मर्दन’ १९१९चा. त्यात कृष्ण झाली होती त्यांचीच मुलगी मंदाकिनी, वय वर्षं सात. पण सुरुवातीला गोकुळ नाही, यमुना नाही. आधी पाटी येते, या सात वर्षांच्या मुलीच्या चेहऱ्यावरचे भाव बघा अशी. मग पडद्यावर नुसता तिचा चेहरा. हसते, चिडते, घाबरते, रडवेली होते. मागे देखावा नाही, गोष्ट नाही. हे झालं, की त्याच मुलीचा बघता बघता कृष्ण होतो. लोकांना देव दाखवण्याआधी फाळक्यांनी आपली लेक दाखवली! मला हा भाग कालियाच्या फण्यांपेक्षा मोठा वाटतो. शंभर वर्षांपूर्वीची एक खरीखुरी मुलगी कॅमेऱ्यासमोर उभी आहे आणि वडील सांगतील ते मन लावून करते आहे. याला माहितीपट म्हणायचं नाही, तर कशाला म्हणायचं?

आणि फाळक्यांची सुरुवातही तशीच झाली होती. ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी करत फिल्मवर टिपली. ती बघून भांडवलदाराचा विश्वास बसला. त्याही आधी, १८९९ साली, सावेदादांनी म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी मुंबईत हँगिंग गार्डनमध्ये कुस्ती चित्रित केली होती. १९०१ साली केंब्रिजला गणितात नाव काढून रँग्लर परांजपे विलायतेहून परतले, तेव्हाचं त्यांचं स्वागतही टिपलं. म्हणजे आपल्याकडे पडद्यावर पैलवान आधी आले, राजे आणि देव मागाहून.

हे एकदा लक्षात आलं आणि जुन्या सिनेमांकडे बघायची माझी नजरच बदलली. ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये राणीवशाचा जलविहार आहे. हौदातल्या त्या सगळ्या बायका म्हणजे पुरुष, ओल्या लुगड्यांतले. राणी तारामतीही झाले ते ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात कामाला असलेले अण्णा साळुंके, कारण १९१३ साली सिनेमात काम करायला बाई मिळत नव्हती. कथा हरिश्चंद्राची, पण त्या हौदात मला तेव्हाची मुंबई दिसते.

‘संत तुकाराम’ (१९३६) तर मी कितीही वेळा बघेन. दामले-फत्तेलालांचं दिग्दर्शन आणि विष्णुपंत पागनिसांचा तुकाराम. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याची दखल घेतली गेली, हे सगळे सांगतात. मी मात्र बघत बसतो ती गौरीची जिजाई. गौरीबाई काही शिकून-सवरून नटी झालेल्या नव्हत्या, प्रभात फिल्म कंपनीत लहानसहान कामं करत त्या तिथवर आल्या. पोर आजारी, घरात दाणा नाही आणि नवरा भजनात. तेव्हा ही बाई पोराचा हात धरून, खेटर उचलून थेट विठोबाच्या देवळात जाते. तिची ती चाल बघा. राग पायांत आहे, आणि भक्तीही तिथेच कुठेतरी आहे. असं चालणं कुठल्या तालमीत शिकवता येत नाही. चमत्कारांची दृश्यं आज जुनी वाटतील, जिजाई जुनी होत नाही.

आता माहितीपटांकडे वळतो. थिएटरात मुख्य सिनेमाआधी फिल्म्स डिव्हिजनची, म्हणजे माहितीपट काढणाऱ्या सरकारी संस्थेची, रीळ लागायची, तेव्हा लोक वडे आणायला बाहेर जायचे. ते साहजिकही होतं, कारण पुष्कळ रिळं धरणं आणि उद्घाटनांचीच असत. पण त्याच संस्थेत एस. एन. एस. शास्त्री यांच्यासारखी माणसं होती. त्यांचा ‘आय अ‍ॅम ट्वेंटी’ १९६७चा. देशाबरोबर जन्मलेल्या, म्हणजे तेव्हा विशीत असलेल्या मुलामुलींना देशाबद्दल विचारलंय. कुणी स्वप्नं सांगतं, कुणी नोकरीचं रडगाणं गातं, आणि देशाबद्दल प्रेमबिम काही वाटत नाही असं तोंडावर म्हणणारेही त्यात आहेत. सरकारच्या पैशानं काढलेल्या फिल्ममध्ये हे तसंच ठेवलंय! आज सत्तरी ओलांडलेली ती पिढी त्यात विशीतली आहे.

आनंद पटवर्धनांचा ‘हमारा शहर’ (१९८५) मुंबईच्या झोपडपट्ट्या पाडल्या जात होत्या त्या काळातला. त्यात एक बाई कॅमेऱ्यालाच सुनावते, की तुम्ही आमचे फोटो काढणार, नाव कमावणार, आमचं काय? पटवर्धनांनी हे कापलं नाही. ते कापलं असतं तर ती फिल्म माझ्यापुरती निम्मी झाली असती. फाळक्यांच्या मुलीसारखीच ही बाईही कॅमेऱ्याकडे थेट बघते. फक्त ती कुणाच्या सांगण्यावरून बघत नाही.

आणखी एक गोष्ट आहे, ती सांगताना मला खरंच त्रास होतो. आपल्याकडे मूकपट हजाराच्या वर निघाले, त्यातले आज उरलेत मोजकेच, तेही बरेचसे तुकड्यांत. रिळांमधली चांदी काढून घ्यायला कित्येक सिनेमे मोडीत गेले. ‘आलम आरा’, आपला पहिला बोलपट, १९३१चा, त्याची एकही प्रत हाती नाही. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय झालं आणि तिथल्या पी. के. नायर यांनी फाळक्यांच्या कुटुंबीयांपर्यंत जाऊन रिळं गोळा केली, म्हणून मंदाकिनीचा तो चेहरा आपल्याला बघायला मिळतो.

‘मग सुरुवात कुठून करू?’ हा पुढचा प्रश्न. ‘आय अ‍ॅम ट्वेंटी’पासून करा. वीसेक मिनिटांची फिल्म आहे आणि यूट्यूबवर सापडते. शक्य झालं तर विशीतल्या कुणाला तरी शेजारी बसवून बघा. मग ‘कालिया मर्दन’, पण तो मधलं मधलं पळवत बघू नका. ‘संत तुकाराम’ मात्र घरातल्या सगळ्यांनी मिळून बघायचा.