मागच्या डाव्या दाराचा ओघळ: चोर सापडला एकदाचा!

मंडळी, गेल्या तीन अपडेट्समध्ये मी गाडीच्या दाराच्या चौकटीवरच्या ज्या तपकिरी ओघळाच्या नावानं रडत होतो तो कुठून येतो ते शनिवारी कळलं. लॅचचं (दाराच्या खटक्याचं) ग्रीस नाही, बीडिंगही (दाराभोवतीचं रबर) नाही. पाणी दाराच्या पोटातून येत होतं.

नवीन लोकांसाठी एवढंच सांगतो, गाडी २०१२ ची, पांढरी, बाबांनी घेतलेली, आणि दर महिन्याला पनवेल ते देवरुख. कोकणातली लाल माती म्हणजे जांभ्याची, तिच्यात लोह भरपूर, आणि पांढऱ्या जॅम्बवर (दाराच्या चौकटीवर) ती अशी बसते की जणू कुणी गेरू लावलाय. बाकी तिन्ही दारांच्या चौकटी आता चकाचक आहेत, फोटोत पाहिल्यात तुम्ही. फक्त मागचं डावं दार, जिथे सिल (दाराखालचा उंबरठा) संपून चाकाची कमान सुरू होते त्या कोपऱ्यात, धुतल्यावर दोन दिवसांत परत बोटभर रुंद ओघळ.

काय काय केलं बघा. एपीसी (ऑल पर्पज क्लीनर) पाण्यात एकास दहा, मग एकास चार, मग टार रिमूव्हर (डांबर काढणारा), मग क्ले (रंगावर रुतलेली घाण ओढणारी मऊ वडी). प्रत्येक वेळी डाग जायचा, जॅम्ब आरशासारखा व्हायचा आणि एक पाऊस पडला की परत तेच. मला वाटलं वरच्या स्ट्रायकरवर (चौकटीवरची कडी, जिच्यात लॅच अडकतो) लॅचचं जुनं ग्रीस वितळून खाली येतंय, म्हणून लॅच पूर्ण डीग्रीस केला आणि व्हाइट लिथियम ग्रीस मारलं. (डब्ल्यूडी-४० मारून सोडू नका हो कुणी, ते ग्रीस धुवून काढायला चांगलं, पण वंगण म्हणून ते टिकत नाही, त्यावर ग्रीस लागतंच.) तरी ओघळ!

शेवटी रात्री झोप येईना तेव्हा एक सुचलं. स्ट्रायकरच्या खाली चार बोटं अंतरावर मास्किंग टेपची आडवी पट्टी लावली, कडा नखानं दाबून बसवल्या. वरून काही येत असेल तर टेपवर दिसायलाच पाहिजे. रात्रभर पाऊस झाला, सकाळी सहाला खाली गेलो, टेप कोरडी ठणठणीत आणि टेपच्या खाली ओघळ हजर. त्या क्षणी जो आनंद झाला तो डाग जाण्याच्या आनंदापेक्षा मोठा होता, कारण निदान आता वर शोधायची गरज नव्हती.

मग दार उघडलं आणि जरा जोरात लावलं, आणि आतून पाणी हिंदकळल्याचा आवाज आला. बाटलीत अर्धं पाणी भरून हलवावं तसा. इतकी वर्षं गाडी वापरतोय, हा आवाज कधी कानावर आला नव्हता, कारण दार लावताना मी कायम बाहेर आणि पावसाचा आवाज चालू.

दाराच्या आत पाणी जाणारच, हे आधी कळायला हवं होतं मला. काचेच्या बाहेरच्या रबरातून पावसाचं पाणी थोडं थोडं आत उतरतं आणि दाराच्या तळाला जी ड्रेन होल्स असतात त्यातून बाहेर पडतं, दार तसंच बनवलेलं असतं. माझ्या दाराची तिन्ही भोकं गच्च बंद. पार्किंगचा रॅम्प चढाचा, गाडीचं तोंड वर, त्यामुळे पाणी मागच्या कोपऱ्यात साठायचं आणि खालच्या मुडपीच्या (पत्रा दुमडलेल्या कडेच्या) जोडातून झिरपत जॅम्बवर यायचं, सोबत माती घेऊन. मागच्या पावसाळ्यात मागच्या मॅटला जो कुबट वास यायचा त्याचाही आता संशय याच्यावरच, कारण पाण्याची पातळी वर गेली की ते ट्रिममागच्या (दाराच्या आतल्या आवरणामागच्या) प्लास्टिक शीटवरून केबिनमध्ये येऊ शकतं. मी उगाच मॅट तीन वेळा उन्हात टाकली.

केबल टाय खुपसला. लोखंडी तार घेऊ नका, रंग खरवडला तर गंजाला आपणच आमंत्रण. पहिल्या भोकातून काही नाही, दुसऱ्यातून चिखलाची गोळी निघाली आणि मागोमाग लाल पाणी, साधारण दीड मग. चिखलात आंब्याच्या मोहराचा भुसाही होता, गावी गाडी आंब्याखाली उभी असते ना. मग काचेच्या खाचेतून मगानं हळूहळू पाणी ओतलं, सातव्या मगाला खालून स्वच्छ पाणी आलं. मेडिकलमधून आणलेली ५० मिलीची सिरिंज भोकातून उलटं पाणी मारायला इतकी कामाची आहे की ती आता किटमध्ये कायमची. प्रेशर वॉशर मात्र इथे नको, पिलरवर (दाराच्या बाजूच्या खांबावर) दाराचा स्विच असतो आणि दाराच्या वायरिंगचा रबरी बूटही पिलरवरच, पाणी आत गेलं की नवं दुखणं.

जॅम्ब शेवटचा धुतला शाम्पू आणि एक इंची हॉगच्या (डुकराच्या केसांच्या) ब्रशने. ब्रश रंगाच्या दुकानातला, लोखंडी पट्टीवर इन्सुलेशन टेप गुंडाळून घेतली की ओरखडे नाहीत. डिटेलिंगवाले (गाडी बारकाईनं साफ करून देणारे) असाच ब्रश तिप्पट भावात विकतात, मला तरी फरक दिसला नाही. टायर प्रेशरच्या स्टिकरवर आधी मास्किंग टेप, हे विसरायचं नाही, एपीसीने त्यावरचे आकडे उडतात. कोपऱ्यातलं पाणी ब्लोअरने उडवलं.

आणि इथेच आनंदात विरजण. दाराच्या खालच्या मुडपीवर सीलरला (जोडावरच्या लेपाला) तडा गेलाय आणि दोन बोटं लांबीचा गंज दिसला. माझा प्लॅन होता की रविवारी चारही जॅम्बवर सिरॅमिक कोटिंग (रंगावरचा टिकाऊ संरक्षक थर) मारून विषय संपवायचा. तो प्लॅन रद्द. गंजावर कोटिंग मारणं म्हणजे जखमेवर पट्टी बांधून पू आत ठेवणं. आता क्रम असा धरलाय की दार दोन दिवस उघडं ठेवून आतून पूर्ण वाळवायचं, सुटा गंज घासून कन्व्हर्टर (उरलेला गंज थोपवणारं रसायन) लावायचा, तो काळा पडून सुकला की प्राइमर, टच-अप, सीम सीलर, आणि मग नळीने दाराच्या आत कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत मारायचं गंजरोधक मेण). वॅक्स मारताना भोकात केबल टाय अडकवून ठेवणार, नाहीतर आपणच ती परत बुजवू. आमच्या गॅरेजवाल्या अण्णांना दाखवलं तर म्हणाले, "दादा, पत्रा अजून घट्ट आहे, वेळेत आलात." ते ऐकून जीव भांड्यात पडला.

बाहेरच्या जॅम्बसाठी कोटिंगऐवजी आता स्प्रे सीलंटच, तोही कापडावर मारून. पेस्ट वॅक्स खाचांत अडकून पांढरा होतो आणि रबरावर गेला की निघत नाही. बीडिंगला ग्लिसरीन. एका मित्राने व्हॅसलीन सुचवलं होतं, पण हे रबर बहुतेक ईपीडीएम (एक कृत्रिम रबर) असतं आणि ते खनिज तेलाने फुगतं, व्हॅसलीन त्यातलंच, तेव्हा नको.

हे लिहिता लिहिता उठून खाली जाऊन आलो, कारण बाकी दारांचं काय हा विचार डोक्यातून जाईना. पुढचं डावं मोकळं, उजवं मागचं मोकळं. ड्रायव्हरच्या दारात केबल टाय घातला आणि बाहेर काढला तर टोकाला लाल चिखल. पाण्याचा मग आणायला वर आलोय.