गोट्याची दाढ, भूल आणि मधेच आलेला फोन

डोळ्याखाली सूज आली म्हणजे प्रॉब्लेम डोळ्याचाच असतो असं नाही, हे आम्हाला गोट्यामुळे कळलं. गोट्या आमचा कुत्रा, नऊ वर्षांचा आहे, मिक्स ब्रीड, अंगाने दणकट, खाण्याचे नखरे शून्य. त्याचा उजव्या डोळ्याच्या जरा खालचा भाग फुगला, हात लावला तर गरम लागायचा. आधी ज्यांच्याकडे नेलं त्यांनी डोळा बघितला, थेंब दिले, अँटिबायोटिकचा कोर्स दिला, सूज उतरली, आम्ही खूश. कोर्स संपल्यावर थोड्याच दिवसांत त्याच जागी तेवढीच सूज परत. मग दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी डोळ्यावर एक नजर टाकली न टाकली आणि सरळ ओठच वर उचलला. म्हणाल्या, "ही बघा, दाढ तुटलीय."

कुत्र्यांना वरच्या जबड्यात मागे दोन्हीकडे एकेक मोठी दाढ असते, खाणं कातरायची, डॉक्टर लोक तिला चौथा प्रीमोलर (म्हणजे पुढच्या दाढांपैकी चौथी) म्हणतात. तिला तीन मुळं असतात आणि ती पार वर डोळ्याच्या खालपर्यंत गेलेली असतात, त्यामुळे मुळाशी पू झाला की फुगतं ते डोळ्याखाली. गोट्याच्या दाढेचा बाहेरच्या बाजूचा एक उभा टवकाच उडाला होता आणि उरलेल्या दाढेच्या मधोमध एक बारीक काळा ठिपका होता. त्या ठिपक्यातून आतली नस उघडी पडून कधीच मेलेली होती. अँटिबायोटिकने पू दबतो पण मेलेली नस तिथेच राहते, म्हणून गोळ्या बंद झाल्या की पहिले पाढे पंचावन्न. दाढ कशाने तुटली ते शेवटपर्यंत कळलं नाही. डॉक्टर म्हणाल्या की हाडं, शिंगं, बर्फाचे खडे, एकदम कडक नायलॉनची खेळणी यापैकी काहीही असू शकतं, आणि चावायला द्यायची वस्तू नखाने दाबून बघायची, नखाचा खळगा पडत नसेल तर ती दाताला जड जाणार.

आता घरात आणि बाहेर ज्याला त्याला एकच प्रश्न, "अहो पण तो तर मस्त जेवतोय, मग दात दुखतोय कशावरून?" मलाही हे खटकत होतं म्हणून मी डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, जेवणं बंद होणं ही फार शेवटची गोष्ट, भूक दुखण्यापेक्षा मोठी असते, ते दुसऱ्या बाजूने चावतात, न चावता गिळतात, पण जेवतात. आणि मग त्यांनी जे केलं ते मला फार पटलं, त्यांनी गोट्याची दुसरी बाजू दाखवली. डावीकडचे दात बऱ्यापैकी पांढरे आणि उजवीकडे तपकिरी कीटणाचा जाड थर. एकाच तोंडात एवढा फरक म्हणजे तो कितीतरी दिवस उजवीकडून चावतच नव्हता. घासलं जात नाही तिथे कीटण साचतं, साधा हिशोब. तुमच्याकडे कुत्रा-मांजर असेल तर आजच दोन्ही बाजूंचे ओठ वर करून शेजारी शेजारी बघा, पैसे पडत नाहीत.

आता पर्याय दोन होते, रूट कॅनाल किंवा दाढ काढणं. हो, कुत्र्यांचंही रूट कॅनाल होतं, पण ते करणारे डॉक्टर वेगळे, नंतर पुन्हा एक्स-रे काढून बघत राहावं लागतं, आणि आमच्या केसमध्ये दाढ हिरडीच्या खालपर्यंत चिरलेली वाटत होती म्हणून काढायचंच ठरलं. त्यात बाकीच्या तोंडाची सफाईही व्हायची होती.

इथे एक ओळखीचा ग्रूमर (कुत्र्यांना अंघोळ घालणारा, केस कापणारा) म्हणाला की सफाईच करायची तर भूल कशाला, मी अशीच खरवडून देतो, दहा मिनिटांचं काम. ऐकायला बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. पण डॉक्टरांनी समजावलं की दिसणारा भाग चकचकीत करणं हे फक्त दाखवण्यापुरतं आहे, खरा आजार हिरडीच्या खाली चाललेला असतो आणि जागा असलेला कुणीही प्राणी तिथे अवजार घालू देत नाही, का द्यावं त्याने. शिवाय खरवडल्यावर दाताला बारीक ओरखडे पडतात, पॉलिश केलं नाही तर त्या ओरखड्यांत घाण अजून लवकर धरते. अमेरिकेतल्या पशुदंतवैद्यांच्या कॉलेजनेही या बिनभुलीच्या सफाईविरुद्ध स्पष्ट भूमिका घेतलेली आहे. माझं स्वतःचं मत विचाराल तर यात सगळ्यात वाईट हे की दात पांढरे दिसले की आपण निवांत होतो आणि आत कुजणं चालूच राहतं.

तरी भुलीची भीती होतीच. सासूबाई म्हणाल्या, "अगं म्हातारा झालाय तो, कशाला उगाच जिवाशी खेळ." नवरा गप्प, म्हणजे त्यालाही तेच वाटत होतं. मी डॉक्टरांना सरळ विचारलं की वयामुळे धोका किती. त्या म्हणाल्या की वय हा आजार नाही, आपण वय नाही, हृदय, किडनी, लिव्हर बघायचं. मग रक्ताच्या तपासण्या झाल्या, छाती नीट ऐकली, हृदयाचा आलेख काढला. मी यादीच करून नेली होती प्रश्नांची. श्वासनलिकेत नळी घालणार का? (हो, आणि हे महत्त्वाचं आहे, कारण सफाईच्या मशीनमधून सतत पाणी उडतं, ते आणि निघालेली घाण फुफ्फुसात जाऊ नये म्हणून नळीला फुगा असतो.) सलाईन चालू ठेवणार का? अंग गार पडू नये म्हणून काय करता? दातांचं काम एकजण करत असताना भुलीकडे बघायला वेगळा माणूस असेल का? आणि दातांचे एक्स-रे काढता का? शेवटच्या प्रश्नावर त्या हसल्या, म्हणाल्या, "एक्स-रेशिवाय मी दाताला हातच लावत नाही." तिथेच मी ठरवलं की इथेच करायचं. तुम्ही जाल तिथेही हा प्रश्न विचाराच, उत्तर "गरज पडली तर बघू" असं आलं तर मी तरी पुढे विचार करेन.

आदल्या रात्रीपासून खाणं बंद, पाणी सकाळपर्यंत चालेल म्हणाले. सकाळी गोट्याचं रिकामं भांडं आणि त्याचा चेहरा, तो भाग सोडून देते. दवाखान्यात संमतीचा फॉर्म भरायला दिला. त्यात एक ओळ होती जी बरेच जण न वाचता सही करत असणार: भूल दिल्यावर अजून खराब दात सापडले तर (अ) फोन करून विचारा, (ब) तुम्हाला योग्य वाटेल ते करा. आणि खाली, फोन लागला नाही तर काय करायचं. मी अ वर खूण केली, लागला नाही तर ब. आणि मग फोन हातात घेऊन बसले, अगदी हातातच.

फोन आलाच. डॉक्टरांचा आवाज, मागे मशीनचा टीं टीं. म्हणाल्या, तुटलेली दाढ निघतेच आहे, पण डावीकडे खालचा एक प्रीमोलर बघा, वरून छान दिसतोय, पण दात आणि हिरडीमधली फट मोजली तर ७ मिलिमीटर आत जातेय, कुत्र्यात साधारण ३ पर्यंत ठीक असते. एक्स-रेत त्याच्या मुळाभोवतीचं हाड निम्म्याहून जास्त गेलंय. आणि पुढचा एक पटाशीचा दात हलतोय. दोन्ही काढावेत असं माझं मत. मी म्हटलं डावीकडचा? तो पांढरा? "हो, तोच." मग मी विचारलं की उजवीकडे खाली ती एक दाढ आहे कीटणाने पार झाकलेली, जिच्याकडे बघून मला किळस यायची, तिचं काय? म्हणाल्या ती साफ केली, आतून ठणठणीत आहे, राहू दे. म्हणजे जी घाण दिसत होती ती शाबूत आणि जी छान दिसत होती ती गेलेली. एक्स-रे नसता तर उलटंच ठरवलं असतं कुणीही.

त्या फोनवर ठरवायला वेळ फार नसतो, तो तिकडे टेबलावर आहे, एकेक मिनिट भुलीचं आहे. मी दोनच गोष्टी विचारल्या, आत्ता नाही काढलं तर काय होईल, आणि तो आत्ता स्टेबल आहे ना. उत्तर मिळालं, पू होईल आणि परत एकदा भूल द्यावी लागेल, आणि हो, ब्लडप्रेशर ऑक्सिजन सगळं नीट आहे. मी हो म्हटलं. नवऱ्याला नंतर सांगितलं.

दाढ काढणं म्हणजे पकडीने ओढली आणि आली असं नसतं हेही तेव्हाच कळलं. हिरडी उचलून बाजूला करायची, दाढेचे ड्रिलने तुकडे करायचे म्हणजे एकेक मूळ सुटं होतं, मग हळूहळू सैल करून काढायचं, हाडाच्या कडा घासून गुळगुळीत करायच्या, मुळाचा तुकडा आत राहिला नाही ना म्हणून परत एक्स-रे, मग विरघळणाऱ्या टाक्यांनी हिरडी शिवायची. भूल असली तरी त्या जागेवर वेगळं बधिर करायचं इंजेक्शनही देतात, त्यामुळे उठल्यावर लगेच दुखत नाही आणि मुख्य भूलही कमी लागते. त्यांनी मला काढलेली दाढ दाखवली, एक मूळ टोकाशी कुरतडल्यासारखं आणि काळपट. तीन पायांची ती वस्तू एवढ्याशा तोंडात मावत होती यावर विश्वास बसेना.

संध्याकाळी घरी आणलं तर गोट्या रडत होता. सतत, एका सुरात, ऊंऊं. मी घाबरून फोन केला तर म्हणाले दुखण्यामुळे असेलच असं नाही, भूल आणि दुखण्याची औषधं उतरताना बरेच जण असे भांबावून रडतात, अंधार करा, जवळ बसा, रात्रीत थांबेल. थांबलं. तोंडातून थोडी गुलाबी लाळ येत होती, तीही नॉर्मल म्हणे, लालभडक रक्त ठिबकलं तर मात्र लगेच कळवा.

पुढचे १० ते १४ दिवस मऊ खाणं, ओढाओढीचे खेळ बंद, चावायचं काहीही नाही, पंजाने तोंड खाजवू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकचा कोन. दुखण्याची गोळी खाण्याबरोबर, वेळेवर. यात एक कळकळीने सांगते, घरातल्या डब्यातली आपली दुखण्याची गोळी देऊ नका, आयबुप्रोफेन कुत्र्यांना घातक आहे आणि पॅरासिटामॉल तर मांजरांचा जीव घेऊ शकतं. कोन घालून तो दारं, भिंती, माझे गुडघे सगळ्याला धडकत फिरायचा, त्यातल्या त्यात करमणूक तेवढीच.

टाके भरल्यावर जे झालं त्याची मला कल्पना नव्हती. गोट्या खेळणी घेऊन यायला लागला. आम्ही सगळे समजत होतो की वय झालं, आता कुठला खेळतोय, आणि हा दोरी तोंडात धरून समोर उभा. डोक्यावरून हात फिरवताना गाल चुकवायचा तेही बंद. सासूबाई आता शेजारणीला सांगतात की आमच्या गोट्याचं ऑपरेशन मीच करायला लावलं. असो.

आता रोजचं ब्रशिंग. दातावरचा मऊ थर एक ते तीन दिवसांत कडक व्हायला लागतो, एकदा कीटण झालं की ब्रशने जात नाही, म्हणून रोज. हिरड्या पूर्ण भरेपर्यंत थांबलो. मग आधी नुसता ओठ वर करून सोडायचा आणि शाबासकी, मग बोटाला त्याची पेस्ट लावून चाटवायची, मग बोट दातावर, मग मऊ ब्रश, आणि प्रत्येक पायरीवर तो मान फिरवायला लागला की तिथेच थांबायचं. घाई केली की सगळं मुसळ केरात. बाहेरची बाजूच घासते, आतली बाजू जीभ बऱ्यापैकी सांभाळते, आणि ब्रश हिरडीच्या कडेला तिरका धरायचा. पेस्ट त्यांचीच, आपली नाही, आपल्या पेस्टचा फेस ते गिळतात, आणि काहींत गोडव्यासाठी झायलिटॉल असतं जे कुत्र्यांच्या रक्तातली साखर झपकन पाडतं आणि लिव्हरलाही धक्का लावतं. पाण्यात घालायची औषधं आणि दातांच्या चघळायच्या कांड्या यांचा बाजार मोठा आहे, मी फक्त व्हीओएचसीचा शिक्का असलेल्याच घेते, ती अमेरिकेतली पशुदंतवैद्यांची परिषद आहे आणि प्लाक (तो मऊ थर) किंवा कीटण कमी होतं याची चाचणी दाखवल्याशिवाय शिक्का देत नाही. पण कांडी ही ब्रशच्या जोडीला, ब्रशच्या ऐवजी नाही.

मागे अगदी कोपऱ्यात, जिथे दाढ होती त्याच्या मागच्या दातापर्यंत, लांब दांड्याचा ब्रशच लागतो, बोटात घालायचा रबरी ब्रश पोचत नाही आणि वर चावलाही जातो. उजवीकडून सुरुवात केली की गोट्या वैतागतो, डावीकडून केली तर दोन्ही बाजू करून देतो, का ते विचारू नका. पुढचं चेकअप ठरलेलं आहे, तेव्हा खालच्या त्या वाचलेल्या दाढेची फट परत मोजणार आहेत.